'साम'गायन नव्हे! आणि संतूरची खरी आई

प्रश्न इंदूरहून आला आहे. नाताळच्या एका कार्यक्रमात निवेदिकेनं 'आता सामगायन होईल' असं जाहीर केलं. इंग्रजी 'साम' (psalm), म्हणजे बायबलातलं स्तुतिगीत, आणि सामवेदातलं 'साम' एकच का? आणि तबला-पेटीवर म्हटलेल्या ख्रिस्ती स्तुतीला मराठीत म्हणावं काय?

एकच नाहीत! ही जोडी मी इंदुरात इतक्यांदा ऐकली आहे की आता ऐकवत नाही. इंग्रजी 'साम' लिहिताना आजही आधी 'पी' येतो, फक्त बोलताना तो गळतो. मूळ ग्रीक 'प्साल्मोस', त्यातला 'प्स' चांगला खणखणीत. आपलं साम म्हणजे चालीवर गायलेली ऋचा. त्यात 'प' कधीच नव्हता.

खरी मौज ग्रीक धातूत आहे. 'प्साल्लो' म्हणजे तार छेडणे. धनुष्याची दोरी टणत्कारण्यालाही हेच क्रियापद. म्हणजे शब्दात आधी तार, मग गाणं, आणि स्तुती सगळ्यांत शेवटी. याच धातूवरून नाव पडलेलं तंतुवाद्य 'प्साल्तेरिओन'. ते नाव अरामी या पश्चिम आशियातल्या प्राचीन भाषेत गेलं, 'ल'चा 'न' झाला आणि 'पसंतेरीन' बनलं. बायबलात दानीएलच्या तिसऱ्या अध्यायात बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याच्या सोन्याच्या मूर्तीपुढे वाजणाऱ्या वाद्यांत ते आहे. पुढचा 'प' झडला, शेपूट तुटलं, आणि फारसीत उरलं 'संतूर'! तुर्कांकडून ते ग्रीसला 'सांतूरी' म्हणून परतलं, तेव्हा ग्रीकांनी आपलीच लेक ओळखली नाही.

आता कुणी 'शततंत्री वीणा' पुढे करील, म्हणजे संतूर हे नाव शंभर तारांच्या त्या वीणेवरून आलं असं म्हणेल. मैफलींत निवेदक हे छातीठोक सांगतात, पुस्तकंही छापतात. वैदिक यज्ञात शंभर तारांचं 'वाण' वाजत असे, हे कबूल. पण 'शततंत्री'चा 'संतूर' कोणत्या ध्वनिनियमानं झाला, ते एकानंही दाखवलेलं नाही. शंभर तारा मोजून व्युत्पत्ती ठरत नाही. शिवाय इराण, इराक, तुर्कस्तान, सगळीकडे नाव हेच.

चर्चमधल्या गिटारला जे नाकं मुरडतात, त्यांनी बायबलातलं १५०वं स्तोत्र (साम) ग्रीकमध्ये वाचावं. तिसऱ्याच ओवीत प्साल्तेरिओन आणि 'किथारा' शेजारी शेजारी आहेत. गिटार हे नाव त्या किथारावरूनच आलं. पुढे त्याच स्तोत्रात डफ आहे, नाच आहे, दणदणीत झांजा आहेत. देवाची स्तुती दबक्या आवाजात करा असं तिथे कुठेच नाही.

राहिला मराठी शब्द. बायबलातल्या या सामांच्या ग्रंथाचं हिब्रू नाव 'तेहिल्लीम', म्हणजे स्तुती. 'हालेलूया'तला धातू तोच. म्हणून 'स्तु'पासून झालेलं 'स्तोत्र' चपखल आणि मराठी बायबलातलं 'स्तोत्रसंहिता' हे नाव बिनचूक. त्या ग्रंथातलं गायलं तर स्तोत्रगायन म्हणा. रचना स्वतंत्र असेल तर गीत किंवा भजन. कवी ना. वा. टिळकांनी (१८६१–१९१९) ख्रिस्तभक्ती अभंगांत आणि ओव्यांत गायली, तेव्हापासून 'भजन' शब्द मराठी ख्रिस्ती घरांत पक्का रुळला आहे. निवेदिकाबाईंना एवढं जरूर कळवा.