खर्च ‘कायदेशीर’ कसा असेल?

अनुवादाचं काम करणाऱ्या एका वाचकाने विचारलंय : ‘अमेरिकेतल्या सरकारी निविदांच्या वादांवरचा मजकूर मराठीत करतोय. कंत्राट देताना खात्याने नियम मोडल्याचं ठरलं, तर तक्रार करणाऱ्या कंपनीला वकिलांवर वगैरे झालेला खर्च मिळू शकतो. याला “कायदेशीर खर्चाचा परतावा” म्हणावं की “प्रतिपूर्ती”?’

परतावा की प्रतिपूर्ती ते नंतर बघू. आधी तो ‘कायदेशीर’ काढा. पद्धतशीर म्हणजे पद्धतीला धरून, तसं कायदेशीर म्हणजे कायद्याला धरून. वकिलाला दिलेला पैसा कायदेशीर खर्च, तर मग निविदा पदरात पडावी म्हणून टेबलाखालून सरकवलेला तो बेकायदेशीर खर्च, आणि दोन्ही एकाच वहीत मांडायचे की काय? बातम्यांत, कंपन्यांच्या पत्रकांत, हल्ली विम्याच्या कागदांतसुद्धा हा शब्द ऐकून कान किटले. कोर्टकचेरीत वावरलेला कुणीही ‘दाव्याचा खर्च’ म्हणतो, फार तर ‘कोर्टखर्च’. विषय संपला.

आता ‘परतावा’. निविदेसोबत बयाणा रक्कम भरली, काम दुसऱ्याला गेलं, रक्कम परत आली : हा परतावा. ज्याच्याकडे पैसे होते त्यानेच ते परत केले. तुमच्या वकिलाची फी मात्र समोरच्याच्या खिशात कधी गेलीच नव्हती. जे घेतलंच नाही ते तो परत काय करणार? तो भरून देतो. आणि आपल्याकडे तोही आपण होऊन देत नाही, कोर्ट त्याला द्यायला लावतं. त्यासाठी मराठीत एक फर्मास क्रियापद आहे, देवविणे. जुन्या दाव्यांच्या शेवटी विनंती असायची : ‘दाव्याचा खर्च प्रतिवादीकडून वादीस देवविण्यात यावा.’ देणारा एक, घेणारा दुसरा, लावणारा तिसरा, हे तिघे एका क्रियापदात बसलेत. इंग्रजीला याच कामाला अर्धी ओळ लागते.

पण खरी गंमत ‘खर्च’ या शब्दातच आहे. हा फारसीतून आला, फारसीत अरबीतून. अरबी धातू ख-र-ज, अर्थ बाहेर जाणे. गाठीचं बाहेर गेलं तो खर्च. आता कोर्टाची भाषा आठवा : ‘दावा खर्चासह खारीज.’ खारीज म्हणजे बाहेर गेलेला, बाहेरचा. धातू तोच! एका ओळीत दावाही बाहेर आणि पैसाही बाहेर. याच्या उलटा धातू द-ख-ल, आत येणे. त्यावरून दाखल, दखल, दाखला. म्हणजे याचिका दाखल झाली ती आत आली, कोर्टाने दखल घेतली तेव्हा तीही आत शिरली, आणि खारीज झाली तेव्हा खर्चाचा हात धरून दाराबाहेर पडली. फारसीत जमाखर्चाला ‘दख्ल ओ खर्ज’ म्हणतात, आवक-जावक. माझं तर मत आहे की अख्खा दिवाणी दावा या दोन धातूंत सांगून होतो, मधली वकिली भाषणं ही सजावट.

यावर शुद्धीवाले सरसावतात. ‘खर्च’ यावनी म्हणून ‘वादव्यय’ लिहा, असं एका परिभाषावाल्या गृहस्थांनी मला पत्राने कळवलं होतं, आणि वर रघुनाथ पंडितांच्या राज्यव्यवहारकोशाचा, म्हणजे फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणाऱ्या शिवकाळातल्या कोशाचा, दाखला दिला होता. दाखला! घरात शिरलेला अरबी त्यांना दिसला नाही. बरं, व्यय म्हणजे तरी काय? वि अधिक इ, ‘इ’ म्हणजे जाणे. दूर जातो तो व्यय, येतो तो आय. अरबाने पैसा बाहेर जाताना पाहिला, संस्कृतानेही तेच पाहिलं. शब्द बदलून हाती आलं काय? आपली भाषा शहाणी, तिने ‘खर्च’ घेतला आणि ‘वेच’ही सोडला नाही, खर्चवेच म्हणून दोघांना एका दावणीला बांधलं.

आजोबांच्या शेताच्या दाव्याचा हुकूमनामा माझ्याकडे आहे. त्याच्या मागे खर्चाचा तक्ता : दाव्याचा स्टॅम्प, वकीलपत्राचा स्टॅम्प, वकील फी, साक्षीदारांचा भत्ता, समन्स बजावणी. डावीकडे वादी, उजवीकडे प्रतिवादी. साक्षीदाराच्या भत्त्यापुढे सव्वा रुपया लिहून खोडलाय आणि एक रुपया केलाय. चार आण्यांचासुद्धा ‘दंड’ कुठे नाही. हे वर्तमानपत्रांसाठी : याचिकाकर्त्यावर कोर्टाने खर्च बसवला की ‘दंड ठोठावला’ छापू नका. दंड गुन्ह्याला.

हरलेल्याने जिंकलेल्याचा खर्च द्यायचा हा आपला ढोबळ नियम. 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 35 सांगतं की कोर्टाला तसं करायचं नसेल तर कारणं लिहावीत. पण निविदांचे वाद बहुधा रिट याचिकेतून उच्च न्यायालयात जातात, आणि तिथे सगळं न्यायालयाच्या मर्जीवर. 1979 चा रमण दयाराम शेट्टी खटला घ्या. मुंबई विमानतळावरचं दुसऱ्या दर्जाचं उपाहारगृह आणि दोन स्नॅक बार. निविदेत पाच वर्षांच्या अनुभवाची अट होती, ती न पुरवणाऱ्याला प्राधिकरणाने काम दिलं. हे चूक, असं सर्वोच्च न्यायालयाने बजावलं, तरी आव्हान देणारे शेट्टी उशिरा आल्यामुळे आणि इतर कारणांनी अपील फेटाळलं. आणि खर्च? ज्याचा त्याने सोसावा.

हं, तुमची अमेरिका राहिली. तिथे ही तक्रार जीएओकडे, म्हणजे तिकडच्या संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाकडे नेता येते. जीएओ खर्च देववत नाही, द्यावा अशी शिफारस करतं. मग कंपनीने साठ दिवसांत तासातासाचा हिशेब प्रमाणित करून त्या खात्याकडेच मागणी नोंदवायची. कंपनी लहान नसेल तर वकिलाचा दर साधारणपणे तासाला 150 डॉलरच्या वर धरत नाहीत. बिलं लावा, छाननी होईल, मंजूर तेवढं मिळेल : आपल्या सरकारी नोकराच्या वैद्यकीय बिलासारखंच. तेव्हा तिथे ‘प्रतिपूर्ती’ बरोबर आहे, ‘तक्रारखर्चाची प्रतिपूर्ती’ लिहा. आणि त्या तासांच्या हिशेबात वकिलाचं ‘मानधन’ लिहू नका. फी लिहा.