समोच्च रेषा नसलेला नकाशा

प्रश्न : आमची मुलगी आयर्लंडमध्ये कॉर्कच्या विद्यापीठात शिकते. जूनमध्ये मी, यजमान आणि सासूबाई (वय ७४, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं) सहा दिवस तिकडे जाणार आहोत. मुलगी चार जणींबरोबर राहते, त्यामुळे तिच्याकडे सोय नाही. एका गेस्टहाउसच्या जाहिरातीत ‘सर्व प्रेक्षणीय स्थळे दहा मिनिटांच्या अंतरावर’ असं आहे. विश्वास ठेवावा, की सरळ हॉटेल घ्यावं? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : दहा मिनिटं कुणाच्या पायांनी, ते आधी विचारा.

मी तीस वर्षं साताऱ्यात भूगोल शिकवला. समोच्च रेषा, म्हणजे नकाशावर सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, जवळजवळ आल्या की चढ तीव्र, हे फळ्यावर किती वेळा काढलं असेल त्याची गणती नाही. तरीही मुलगा कॉर्कला नोकरीला असताना पहिल्यांदा गेले, तेव्हा फोनवरचा नकाशा बघून खोली ठरवली. स्टेशनपासून दहा मिनिटं, असं फोन म्हणत होता. फोनच्या त्या नकाशात समोच्च रेषा नसतात. समरहिल नॉर्थ नावाच्या रस्त्यावरून दोन बॅगा ओढत, दर तिसऱ्या दारापाशी थांबत मी वर पोचले, तेव्हा अर्धा तास झाला होता. “आई, नावातच हिल होतं की,” असं मुलगा म्हणाला. तोही बॅगा वर पोचल्यावर.

कॉर्कचं असं आहे, की ली नदी शहरात दोन फाट्यांनी वाहते आणि पुढे एक होते. मधलं बेट म्हणजे मुख्य बाजारपेठ, अगदी सपाट. उत्तरेचा पूल ओलांडला की लगेच टेकडी. शँडनचं चर्च आणि जुना तुरुंग त्या टेकडीवर. विद्यापीठ आणि सेंट फिन बार कॅथीड्रल दक्षिणेच्या अंगाला, तिकडचा चढ सौम्य आहे. तेव्हा ‘सर्व स्थळे दहा मिनिटांवर’ असं एकही घर कॉर्कमध्ये निघायचं नाही.

तुम्ही वेस्टर्न रोडवर घर बघा. जुनी दुमजली-तिमजली घरं, त्यातल्या कितीतरींची गेस्टहाउसं झालेली. रस्ता सपाट, विद्यापीठ लागूनच, म्हणजे लेक तासाभराच्या सुट्टीतही येऊन आजीला भेटेल. मागच्या बाजूला नदीकाठी फिट्झजेराल्ड पार्क. बाजारात जायला वीस मिनिटं, आणि कंटाळा आला तर बस आहे.

पैसे भरण्याआधी मात्र ईमेलवर दोन गोष्टी विचाराच. खोली तळमजल्यावर मिळेल का? या घरांना लिफ्ट बहुधा नसते. जिने अरुंद, गालिचा घातलेले, वळणाचे. दुसरं, शॉवर टबात आहे की जमिनीलगत? टबाची कड ओलांडणं म्हणजे गुडघ्याच्या माणसाला रोजचा गड. आणि छतावरून एखादी दोरी लोंबताना दिसली तर ती ओढा. पुष्कळ घरांत ती ओढल्याशिवाय शॉवरचं पाणी तापत नाही. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी गार पाण्यानं न्हायले आणि उगाच मालकीणबाईंना मनातल्या मनात बोल लावले.

हॉटेल की गेस्टहाउस, याचं उत्तर मी त्या मालकीणबाईंमुळेच देऊ शकते. तिसऱ्या दिवशी चतुर्थी होती. खोलीत उदबत्ती लावली आणि धुराचा भोंगा घरभर कोकलायला लागला. बाई भांडी पुसायचं फडकं घेऊन धावत वर आल्या, खुर्चीवर चढून भोंग्याला वारा घालू लागल्या. मी उदबत्ती पाठीमागे लपवून उभी, शाळेतल्या पोरासारखी. त्यांनी हवेत वास घेतला आणि विचारलं, “आमच्या चर्चमध्ये जाळतात तसलंच का हे?” दुसऱ्या दिवसापासून परसात, कपडे वाळत घालायच्या दोरीखाली, माझी उदबत्तीची जागा ठरली. हॉटेलात हे झालं असतं तर बिलात दंड आला असता. खोलीत तुम्ही शेगडी किंवा इंडक्शन मात्र काढू नका. चहाची किटली त्यांनी ठेवलेलीच असते, आणि चहा आपल्यासारखा कडक, दूध घालून. बॅरीज नावाचा चहा १९०१ पासून कॉर्कचाच. तो पिऊन माझी तरी तक्रार राहिली नाही.

आता सासूबाईंचं. शँडनचं चर्च १७२२ चं. वर जायला १३२ पायऱ्या, पण घंटा वाजवायला तेवढं चढावं लागत नाही, त्या दोऱ्या पहिल्याच टप्प्यावर आहेत. आठ घंटा, आकडे लिहिलेल्या चिठ्ठ्या बघून कुणीही वाजवायच्या. मी गणपतीची आरती वाजवायला गेले आणि पहिल्याच ओळीत अडखळले. खाली रस्त्यावरच्या लोकांनी निमूट ऐकून घेतलं, त्यांना रोजची सवय असणार. सासूबाईंना टॅक्सीनं दारापर्यंत न्या आणि खालून घड्याळ दाखवा. चारही बाजूंचे काटे वेगवेगळी वेळ दाखवतात म्हणून गावकरी त्याला ‘चार तोंडांचा खोटारडा’ म्हणतात. तुरुंगही टॅक्सीनंच. तो बंद पडल्यावर १९२७ साली तिथून चक्क रेडिओ केंद्र चालायला लागलं. पार्कमधून शेकी ब्रिज नावाचा हलता झुलता पूल तिकडे जातो. पूल बघा, पण पलीकडचा चढ यजमानांवर सोडा.

कॉर्कजवळच्या ब्लार्नी किल्ल्याच्या माथ्यावरचा दगड उताणं पडून, डोकं मागे झुकवून चुंबायचा असतो, म्हणजे बोलण्यात गोडवा येतो म्हणे. सासूबाईंनी बागेतच बसावं. त्यापेक्षा एक दिवस कोव्ह नावाच्या बंदराच्या गावी जा. कॉर्कच्या केंट स्टेशनवरून गाडी पंचवीसेक मिनिटांत पोचवते, रूळ पाण्याकाठानं जातात. टायटॅनिकचा शेवटचा थांबा तिथला, ११ एप्रिल १९१२. संग्रहालय स्टेशनातच आहे, एक पायरीसुद्धा जास्तीची नाही.

छत्रीपेक्षा टोपीचा रेनकोट घ्या, जून असला तरी. लेकीच्या विद्यापीठात गणिताचे पहिले प्राध्यापक जॉर्ज बूल, ज्यांच्या तर्कगणितावर आज संगणक चालतात, ते १८६४ साली भर पावसात चालत कॉलेजात गेले, ओल्या कपड्यांनी व्याख्यान दिलं आणि न्यूमोनियानं वारले. त्यांची बायको मेरी ही जॉर्ज एव्हरेस्टची पुतणी. हो, भारताची मोजणी करणारे, शिखरावर ज्यांचं नाव आहे तेच. हे कळलं तेव्हा मी त्या आवारात एकटीच हसले होते.

प्रश्न : आम्ही शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही. गेस्टहाउसची न्याहारी भाड्यात धरलेली असते. ती वाया जाणार का? घरचं तूप नेता येईल? – एक वाचक, पुणे

उत्तर : आयरिश न्याहारीत डुकराचे काप, सॉसेज, अंडी, आणि काळे-पांढरे पुडिंग असतं. पुडिंग नाव ऐकून फसू नका, काळ्यात रक्त असतं. आदल्या रात्री सांगून ठेवलंत तर ओटची लापशी, भाजलेले टोमॅटो, मश्रूम, बीन्स आणि सोडा घालून केलेला तपकिरी पाव एवढं मिळतं. मश्रूम त्याच तव्यावर परतलेत का, हे विचारायला लाजू नका.

तूप नेऊ नका. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे, पेढेसुद्धा त्यात आले. आणि तिथे लोण्याला काय तोटा? एकोणिसाव्या शतकात कॉर्कचा लोणीबाजार जगात गाजलेला होता, शँडनजवळ त्याचं संग्रहालय आहे. मी मुलाच्या घरी लोणी आणून कढवलं. तूप झालं छान, पण बेरी अशी खारट की थुंकावी लागली. वेष्टनावर ‘अनसॉल्टेड’ वाचून घ्या.

प्रश्न : मी एअर इंडियातून निवृत्त झालो. ‘कनिष्क’ विमानाच्या स्मारकाला एकदा जायचं आहे. कॉर्कमध्ये राहून जमेल का? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : जमेल, पण दिवस प्रवासातच जाईल. २३ जून १९८५ ला ते विमान आयर्लंडच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रावर बॉम्बस्फोटानं पडलं, ३२९ माणसं गेली. सापडलेले १३१ देह कॉर्कच्या रुग्णालयात आणले होते. स्मारक मात्र शहरात नाही, नैर्ऋत्येला अहाकिस्ता नावाच्या लहानशा गावात, समुद्रकाठी आहे. कॉर्कहून बँट्रीपर्यंत बस जाते, पुढे टॅक्सी. शक्य तर एक रात्र बँट्रीच्या किंवा डरसच्या एखाद्या घरगुती गेस्टहाउसात काढा. दरवर्षी २३ जूनला तिथे स्मरणाचा कार्यक्रम होतो, त्या दिवसांसाठी खोली फार आधी सांगून ठेवा.

आम्ही मुलाच्या गाडीनं गेलो. छोटी बाग, एक सूर्यघडी, नावं कोरलेली, आणि समोर डनमॅनसचा उपसागर. गवत नुकतंच कापलेलं होतं. डरसला ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या मालकीणबाईंनी निघताना कुठे जाताय विचारलं, आम्ही सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत. आत गेल्या आणि परसातली फुलं कागदात गुंडाळून हातात दिली. तुम्हीही त्यांना कुठे जाताय ते सांगा.