वाचकांचे प्रश्न : शंभर वर्षांपूर्वीच्या बालगृहांतले दिवस

प्रश्न : पंडिता रमाबाईंच्या आत्मकथनात इंग्लंडमधल्या जॉर्ज म्युलर यांच्या अनाथगृहांचा उल्लेख वाचला. रमाबाईंनी केडगावला काढलेले निराधार मुली-बायकांचे मुक्तिसदन उभे राहण्यामागे त्या वाचनाचाही वाटा होता असे दिसते. १९०० सालाच्या आगेमागे इंग्लंडमधल्या अशा धर्मादाय गृहांत मुलांचा दिवस कसा जात असे? (एक वाचक, दौंड)

उत्तर : म्युलर हे मूळचे प्रशियातले धर्मोपदेशक. त्यांनी १८३६ साली ब्रिस्टल शहरातल्या विल्सन स्ट्रीटवर भाड्याच्या घरात पहिले अनाथगृह काढले आणि पुढे १८४९ ते १८७० या काळात ॲशली डाउन या उंच जागेवर पाच प्रचंड दगडी इमारती बांधल्या. त्यांत दोन हजारांहून अधिक मुलांची सोय होती. कोणापुढेही हात पसरायचा नाही, जी गरज असेल ती प्रार्थनेत मांडायची, हा त्यांचा नेम होता. रमाबाईंच्या मनाला तोच भिडला, आणि हिंदुस्थानातही असा भरवसा ठेवून काम करता येईल का, या विचाराने त्यांच्या मनात घर केले.

म्युलर १८९८ साली वारले. त्यांनी घालून दिलेल्या दिनक्रमात मुले सकाळी सहाला उठत, सातपर्यंत आवरून होई, मग न्याहारीपर्यंत मुली विणकाम घेऊन बसत आणि मुलगे वाचत. आठला न्याहारी, म्हणजे ओटच्या पिठाची लापशी आणि दूध. साडेआठला प्रार्थना, दहा ते साडेबारा शाळा, एकला जेवण, दोन ते चार पुन्हा शाळा, त्यानंतर दीड तास मोकळ्या हवेत खेळ, सहाला चहापाव, आणि आठ ते नऊच्या दरम्यान वयाप्रमाणे अंथरूण. घंटेवर चालणारा हा दिवस आज आपल्याला कठोर वाटतो, परंतु त्यात साडेचार तास शाळेचे होते हे विसरू नये. मुलांना राबवल्याचा आरोप म्युलर यांच्यावर झाला नाही. गरिबांच्या मुलांना त्यांच्या पायरीपेक्षा जास्त शिकवून खाणी-कारखान्यांचे मजूर हिरावून घेतल्याची टीका मात्र त्यांना ऐकावी लागली. मुलगे चौदाव्या वर्षाच्या सुमारास एखाद्या कारागिराकडे उमेदवारीला जात आणि मुली सतराव्या वर्षापर्यंत राहून घरकामाच्या नोकरीला लागत.

इतर संस्थांतला दिवसही थोड्याफार फरकाने असाच होता. जेवणात पाव मुख्य. त्याला बहुधा लोण्याऐवजी मांस भाजताना गळलेली चरबी लावलेली असे. सोबत कोको, दुपारी उकडलेले मांस आणि बटाटे, कधी तांदळाची खीर. रविवारी स्वयंपाकाचे काम शक्यतो टाळायचे म्हणून पुष्कळ ठिकाणी आदल्या दिवशीचे थंड मांस वाढत. पोट भरत असे, आणि ज्या वस्त्यांतून ही मुले येत तेथे तेवढीही शाश्वती नव्हती. मात्र कोणत्या वारी काय मिळणार हे ठरलेले असे, आणि वर्षानुवर्षे ते बदलत नसे.

प्रश्न : ही सगळी गृहे अशीच बरॅकीसारखी होती का? (एक शिक्षिका, सांगली)

उत्तर : नाही, आणि या मुद्द्यावर त्या काळी गंभीर वाद होता. डॉ. टॉमस बर्नार्डो यांनी १८७० साली लंडनच्या स्टेपनी भागात मुलग्यांसाठी मोठे गृह काढले, पण मुलींसाठी १८७६ साली लंडनजवळच्या बार्किंगसाइड येथे वेगळी रचना केली. हिरवळीभोवती छोटी छोटी घरे, प्रत्येक घरात पंधरा-वीस मुली आणि त्यांची देखभाल करणारी एक ‘मदर’ अशी ती वसाहत होती. स्वयंपाक, जेवण, झोप त्या घरातच होई, आणि एका घरात लहान-मोठ्या सगळ्या वयांच्या मुली मुद्दाम एकत्र ठेवत. बर्नार्डो १९०५ साली वारले तेव्हा त्यांच्या संस्थेची ९६ गृहे होती आणि त्यांत ८,५०० हून अधिक मुले होती.

दुसरी मोठी संस्था म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडशी जोडलेली वेफ्स अँड स्ट्रेज सोसायटी. एडवर्ड रुडॉल्फ या तरुण सरकारी कर्मचाऱ्याने ती १८८१ साली सुरू केली. रविवारच्या धर्मवर्गातले दोन भाऊ येईनासे झाले आणि ते अन्नासाठी भीक मागताना आढळले, एवढे तिचे निमित्त होते. गावोगावच्या साध्या घरांत थोडी थोडी मुले ठेवण्याकडे या संस्थेचा कल होता, आणि काही मुले ती खेड्यांतल्या कुटुंबांकडेही सांभाळायला देई. मुले गावच्या शाळेत आणि गावच्या चर्चमध्ये जात, त्यामुळे रस्त्यावर इतर मुलांची गाठ पडे. भिंतीआड दोन हजारांनी एकत्र वाढण्यापेक्षा हे कितीतरी बरे होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : दाखल होतानाचे मळके, फाटके मूल आणि काही महिन्यांनंतर तेच मूल स्वच्छ गणवेशात, अशी जुनी छायाचित्रे पाहण्यात येतात. ती खरी असत का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : सगळी नव्हेत. बर्नार्डो १८७४ पासून दाखल होणाऱ्या मुलांची छायाचित्रे काढून ठेवत, आणि अशी जोडचित्रे विकून निधी जमवत. काही मुलांचे कपडे मुद्दाम फाडून चित्र घेतल्याचा आरोप झाला. १८७७ साली लवादापुढे चौकशी झाली. लवादाने बर्नार्डो यांना बहुतेक आरोपांतून मोकळे केले, पण छायाचित्रांच्या या प्रकारावर ठपका ठेवला. देणगीदारासाठी मुलाची लाज मांडून ठेवण्याची ही रीत आजही पुरती गेलेली नाही, म्हणून हे लक्षात राहावे.

प्रश्न : या गृहांत मुलांकडून काम करून घेत. ते शिक्षण म्हणावे की मजुरी? (समाजकार्याची एक विद्यार्थिनी, नागपूर)

उत्तर : मुलींच्या गृहातले धुलाईघर पाहिले की आपल्या प्रश्नाचे उत्तर मिळते. आसपासच्या बंगल्यांतून मळक्या कपड्यांची गाठोडी येत. मोठ्या मुली एकेका कपड्यावर घराची खूण आहे ना हे तपासून ढीग लावत, कपडे सोड्याच्या पाण्यात भिजवत, मोठ्या तांब्याच्या हंड्यात उकळत, फळीवर घासत, नीळ घालून खळबळत आणि मग मँगलमधून, म्हणजे हाताने फिरवायच्या दोन रुळांमधून, पिळून काढत. वाळल्यावर कॉलरींना खळ लागे आणि शेगडीवर तापवलेल्या लोखंडी इस्त्र्या एकीमागून एक फिरत. वाफ, ओली फरशी, सोड्याने सोललेले हात, आणि हे सगळे तेरा-चौदा वर्षांच्या मुली करत. धुलाईचे पैसे गृहाच्या खर्चाला लागत.

काम शिकवणे आणि काम करून घेणे यांतली रेषा माझ्या मते इथेच पुसली जाते. मुलीला इस्त्री येण्यासाठी सहा महिने पुष्कळ झाले. गृहाचा हिशेब धुलाईच्या उत्पन्नावर बसू लागला, की ती शिकून झाल्यावरही तिला तेथून हलवणे परवडत नाही. कोणी दुष्ट असावे लागत नाही, जमाखर्चाची वही ते काम करते. मुलग्यांना शिंपीकाम, चांभारकाम, सुतारकाम, ब्रश बनवणे असे चार-पाच पर्याय तरी होते, आणि वेफ्स अँड स्ट्रेज सोसायटीने स्टॅफर्डशरमधल्या स्टँडन येथे शेतीकाम शिकवणारे गृहही चालवले. मुलींपुढे मात्र घरकामाची नोकरी हा जवळपास एकच रस्ता होता. त्या काळी इंग्लंडमधल्या नोकरदार स्त्रियांत घरकाम करणाऱ्यांचीच संख्या सर्वांत मोठी होती, हेही खरे.

प्रश्न : या मुलांचे आई-वडील दोघेही वारलेले असत का? (एक आजोबा, रत्नागिरी)

उत्तर : आपला प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. म्युलर यांनी सुरुवातीला आई आणि वडील दोघेही नसलेलीच मुले घेतली, परंतु इतर बहुतेक संस्थांत दाखल झालेल्या मुलांपैकी अनेकांचे आई किंवा वडील हयात होते. नवरा वारला किंवा सोडून गेला, बाई शिलाई किंवा मोलमजुरी करते, त्या मिळकतीत भाडे आणि चार पोरे भागत नाहीत, सरकारी दरिद्रगृहात जायचे तर अब्रू जाते. अशा आईने दोन मुले संस्थेत घालायची आणि दोन जवळ ठेवायची, हा सर्रास चालणारा मार्ग होता. ब्रिटनमध्ये विधवांना निवृत्तिवेतन देणारा कायदा १९२५ साली झाला. तोपर्यंत मुलाला पोसायला संस्थेकडे पैसा होता, पण तेच मूल घरी राहावे म्हणून आईला हक्काने नियमित काही मिळण्याची सोय जवळपास नव्हती.

मुलग्यांचे गृह वेगळे आणि मुलींचे वेगळे असल्यामुळे भाऊ-बहिणींची ताटातूट होई. भेटीचे दिवस मोजके असत आणि प्रवासखर्च गरीब आईला झेपत नसे. शिवाय कित्येक संस्थाचालकांना मनापासून वाटे, की जुन्या नातेवाइकांपासून मूल जितके दूर, तितके त्याचे भले. आई-वडिलांनी मूल परत मागितल्याचे खटले बर्नार्डो यांच्यावर झाले. त्यांतल्या एकात कॅथलिक आईच्या बाजूने निकाल १८९१ साली हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत, जाऊन लागला. आणि त्याच साली असाही कायदा झाला, की आई-वडिलांनी मुलाला टाकले होते असे न्यायालयाला वाटल्यास मूल त्यांना परत न देण्याचा अधिकार त्याला मिळाला.

या विचाराचे टोक म्हणजे कॅनडाला पाठवणी. ती १८६९ साली मारिया राय यांनी सुरू केली, बर्नार्डो १८८२ पासून तीत उतरले आणि १९३०च्या दशकापर्यंत ब्रिटनमधून सुमारे एक लाख मुले तिकडे गेली. एका पेटीत कपडे आणि बायबल घेऊन मूल जहाजावर चढे आणि ऑन्टॅरिओतल्या एखाद्या शेतावर एकटेच उतरे. काहींना माया लावणारी घरे मिळाली. पुष्कळांना गोठ्यातले काम आणि उपरेपणा मिळाला. आई-वडिलांची संमती प्रत्येक वेळी घेतलेली नसे. चौदा वर्षांखालच्या मुलांना आई-वडिलांशिवाय येऊ देणे कॅनडाने १९२०च्या दशकाच्या मध्याला थांबवले, आणि अशा सर्व पाठवण्यांबद्दल ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान गॉर्डन ब्राउन यांनी २०१० साली संसदेत माफी मागितली.

प्रश्न : मग केडगावही याच साच्यातले म्हणायचे का? (पहिल्या प्रश्नाच्याच वाचकांचा पुढचा प्रश्न)

उत्तर : काही अंशी. मोठी वसाहत, ठरलेल्या वेळा, प्रार्थना आणि हाताला काम या गोष्टी समान होत्या. परंतु केडगाव उभे राहिले ते दुष्काळात. १८९६-९७च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात स्वतः फिरल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायकांना घेऊन आल्या. १८९९-१९००च्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या आणि वसाहतीची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. सुरुवातीला तंबू आणि झोपड्याच होत्या. हाडांचे सापळे होऊन आलेल्या कित्येक मुली सगळी शुश्रूषा करूनही वाचल्या नाहीत. जेथे घरच उरलेले नव्हते, तेथे मूल घरापासून तोडले हा आक्षेप इंग्लंडइतका लागू पडत नाही.

कामाच्या बाबतीत तर रमाबाई इंग्लंडच्या पुढे होत्या असे मी म्हणेन. केडगावला हातमाग होता, तेलघाणा होता, गोठा आणि शेती होती, आणि छापखाना होता. दुष्काळातून आलेल्या मुली तेथे खिळे (छपाईची अक्षरे) जुळवायला, छापायला आणि पुस्तक बांधायला शिकल्या, आणि रमाबाईंनी स्वतः भाषांतरित केलेले मराठी बायबल त्यांच्याच हातांनी छापले गेले. रमाबाईंच्या कन्या मनोरमाबाईंनी अंध मुलींना ब्रेल शिकवले. बार्किंगसाइडच्या मुलीला इस्त्री आणि घरकाम एवढेच दाखवले गेले, त्याच काळात केडगावला भीमथडीच्या माळावर एक दुष्काळी पोर छापखाना चालवत होती, याचा मला फार आदर वाटतो.

एक गोष्ट मात्र दोन्हीकडे सारखीच होती: मुलाचा धर्म संस्था ठरवत असे. इंग्लंडमध्ये कॅथलिक चर्चने बर्नार्डो यांच्याशी त्यावरून भांडण मांडले, आणि आपल्याकडे रमाबाईंवर त्यावरून कडाडून टीका झाली. मूल वाचवले म्हणून त्याच्या श्रद्धेवर आपला हक्क आला, हे मला पटत नाही. पण टीका करणाऱ्यांपैकी फार थोडे जण दुष्काळी छावण्यांतल्या त्या मुलींना आणायला गेले होते, हेही नोंदवायला हवे.

प्रश्न : मी एका बालगृहात आठवड्यातून एकदा शिकवायला जाते. या जुन्या इतिहासातून मला प्रत्यक्ष काय करता येईल? (एक निवृत्त शिक्षिका, सोलापूर)

उत्तर : आधी गृहातल्या अधीक्षकांकडे विचारा, की कोणत्या मुलांची आई किंवा वडील हयात आहेत आणि मूल गृहात आले ते केवळ गरिबीमुळे का. २०१५च्या बाल न्याय कायद्याचे तत्त्व असे आहे, की मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय असावा. आणि महाराष्ट्रात बाल संगोपन योजनेतून मूल घरीच राहावे म्हणून एकल पालकाला दरमहा अनुदान मिळू शकते. १९०० सालच्या सुमारास लंडनमधल्या विधवेला जे मिळत नव्हते ते हेच. आजही अनेक आयांना या योजनेची माहिती नसते, किंवा कागदपत्रांपुढे त्या हात टेकतात. जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयातून अर्ज आणा आणि तो भरताना त्या आईशेजारी बसा. भाऊ आणि बहीण वेगवेगळ्या गृहांत असतील, तर त्यांच्या भेटीचे दिवस बालकल्याण समितीकडून लेखी ठरवून घेण्याची विनंती करा, आणि नेण्या-आणण्याच्या खर्चाचेही त्याच वेळी बोलून ठेवा.