सुवर्णपदक मिळाले, मग निवृत्तिवेतन का नाही?

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या बाजूने लढलेल्या फिलिपिन्सच्या वृद्ध सैनिकांना अमेरिकी काँग्रेसने २०१७ साली सुवर्णपदक दिल्याचे वाचनात आले. त्याच मजकुरात पुढे असेही होते की यांतल्या बहुतेकांना अमेरिकी सैनिकाचे लाभ कधीच मिळाले नाहीत. ज्याला सैनिक म्हणून गौरवायचे त्यालाच सैनिकाचे लाभ नाकारायचे, हे कायद्यात बसते तरी कसे? माझी सारी नोकरी पेन्शनच्या फायली हाताळण्यात गेली, तरीही हे कोडे मला सुटलेले नाही.

उत्तर : आपण पेन्शनच्या फायली हाताळल्या आहेत, त्यामुळे सत्काराचे पत्र आणि पेन्शनचा आदेश हे दोन कागद एकाच टेबलावरून निघत नाहीत, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. या प्रकरणात तर त्या दोन कागदांच्या मध्ये सत्तर वर्षांहून अधिक काळ गेला.

फिलिपिन्स १८९८ पासून अमेरिकेच्या ताब्यात होता आणि १९३५ पासून त्याला अंतर्गत स्वराज्य मिळाले होते. २६ जुलै १९४१ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी एका लष्करी आदेशाने तिथली फौज अमेरिकी सैन्याच्या सेवेत घेतली आणि ती जनरल मॅकआर्थर यांच्या हाताखाली लढली. जपानी हल्ल्यापुढे ९ एप्रिल १९४२ रोजी फिलिपिन्समधला बातान द्वीपकल्प पडला. शरण आलेल्या सैनिकांना जपान्यांनी उपाशीतापाशी सुमारे शंभर किलोमीटर चालवत नेले, आणि त्या वाटेवर मेलेल्यांत बहुसंख्य फिलिपिनोच होते. जे सुटले किंवा हाती लागले नाहीत त्यांतल्या अनेकांनी डोंगररानांतून गनिमी लढा चालू ठेवला. कवायती आणि गनिमी मिळून अडीच लाखांहून अधिक फिलिपिनो अमेरिकी झेंड्याखाली लढले, असे मानले जाते.

युद्ध संपले आणि हिशेबाची वेळ आली. १८ फेब्रुवारी १९४६ चा जो कायदा ‘रिसिजन अॅक्ट’ म्हणून ओळखला जातो, तो मुळात सैनिकांविषयीचा नव्हताच. युद्धासाठी मंजूर झालेला पण न वापरलेला पैसा परत घेण्याचे ते विधेयक होते. त्यात फिलिपिनी सैन्यासाठी वीस कोटी डॉलरची तरतूद ठेवण्यात आली आणि तिला एक अट जोडण्यात आली. अट अशी, की काही ठरावीक बाबी सोडल्या तर या सैनिकांची सेवा, लाभ देण्याच्या कामी, अमेरिकी सैन्यातील सेवा समजली जाणार नाही. ते लढले नाहीत, असे कायदा कुठेही म्हणत नाही. ते लढले, पण ती ‘सेवा’ नव्हे, एवढेच तो म्हणतो. अपंगत्व आणि मृत्यू यांबद्दलची भरपाई चालू ठेवली, पण ती अमेरिकी सैनिकाला जिथे एक डॉलर तिथे यांना एक पेसो या हिशेबाने. आणि त्या वेळी एका डॉलरला दोन पेसो पडत. राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी या विधेयकावर सही केली, पण या सैनिकांचे कल्याण पाहणे ही अमेरिकेची नैतिक जबाबदारी आहे, असेही बोलून दाखवले. सही मात्र झाली ती झालीच.

इथे एक बारकावा पाहण्यासारखा आहे. या सैनिकांचा उल्लेख आज आपण ‘परदेशी माजी सैनिक’ असा करतो, पण फिलिपिन्स स्वतंत्र झाला ४ जुलै १९४६ रोजी, म्हणजे या कायद्यानंतर साडेचार महिन्यांनी. ज्या दिवशी त्यांची सेवा नाकारली गेली त्या दिवशी ते परदेशी नव्हतेच. ते अमेरिकी अंमलाखालचे प्रजाजन होते, फक्त नागरिक नव्हते. ‘परकीय सैनिकांना आम्ही का द्यावे?’ असा युक्तिवाद पुढे अनेकदा झाला. माझ्या मते तो तारखांपुढे टिकत नाही.

प्रश्न : (त्याच वाचकाकडून) २००९ साली त्यांना रोख रक्कम मिळाली, असेही म्हणतात. मग तो विषय तिथेच मिटला नाही का?

उत्तर : सरकारच्या दृष्टीने मिटला, आणि तसा तो मिटावा अशीच तरतूद त्या कायद्यात होती. फेब्रुवारी २००९ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी सही केलेल्या आर्थिक सावरणीच्या कायद्यात या सैनिकांसाठी १९.८ कोटी डॉलरचा निधी होता. अमेरिकी नागरिकत्व असलेल्याला एकदाच पंधरा हजार डॉलर आणि नसलेल्याला नऊ हजार डॉलर द्यायचे होते. अर्जासाठी मुदत एक वर्षाची होती. त्या वेळी यांतला सर्वांत तरुण सैनिकही ऐंशीच्या घरात होता, हे लक्षात घेतले म्हणजे ‘एक वर्ष’ या शब्दांचे वजन कळते. अर्ज करून रक्कम हाती येण्याआधी सैनिक वारला, तर ती हयात जोडीदाराला मिळे. अर्जाआधीच वारलेल्याच्या विधवेला काहीच नाही.

कायद्याची भाषा आपण मुद्दाम पाहावी. या सैनिकांची सेवा ही प्रत्यक्ष लष्करी सेवा होती, अशी मान्यता त्यात आहे, पण ती ‘या कलमापुरती’ आणि या कलमात सांगितले आहे तेवढ्याच मर्यादेत. जो रक्कम स्वीकारेल त्याचे त्या सेवेपोटीचे इतर सर्व दावे संपले, असेही त्यात लिहिले आहे; आधीपासून मिळत असलेले लाभ तेवढे यातून वगळले. म्हणजे मान्यता आणि फारकत एकाच पावतीवर. मी याला उपकार म्हणणार नाही, तडजोड म्हणेन, आणि थकलेल्या माणसाशी केलेली तडजोड नेहमी अशीच दिसते.

मधल्या काळात काहीच झाले नाही, असे मात्र नाही. १९९० च्या कायद्याने या सैनिकांना अमेरिकी नागरिकत्व मिळवण्याची वाट मोकळी झाली आणि हजारो वृद्ध तिकडे गेले. तिथे कायदेशीरपणे राहणाऱ्यांना पुढे २००० आणि २००३ च्या कायद्यांनी अपंगत्वाची पूर्ण दराने भरपाई, राष्ट्रीय दफनभूमीत जागा आणि काही वैद्यकीय सोयी मिळाल्या. पण हे लाभ राहत्या पत्त्याशी जोडलेले होते. फिलिपिन्समध्ये, समजा पंपांगा प्रांतातल्या आपल्या घरी परतलेला सैनिक त्यांतल्या बऱ्याचशा लाभांना मुकत होता.

प्रश्न : हजारो अर्ज फेटाळले गेले, असे ऐकतो. एवढी माणसे खोटे बोलत होती काय?

उत्तर : काही असतीलही. युद्धानंतर गनिमी सैनिक म्हणून मान्यता मागणाऱ्यांची संख्या दहा लाखांच्या वर गेली होती आणि मान्यता मिळाली ती सुमारे दोन लाख साठ हजारांना. पण फेटाळणीचे मुख्य कारण पुराव्याच्या पद्धतीत आहे.

अर्जदाराचे नाव अमेरिकी लष्कराच्या स्वतःच्या नोंदींत सापडले पाहिजे, असा नियम आहे. या नोंदी सेंट लुईस येथील अभिलेखागारात आहेत. त्यांत दोन कागद कळीचे : एक म्हणजे मान्यताप्राप्त गनिमांची यादी, आणि दुसरे म्हणजे सैनिकाने युद्धानंतर शपथेवर लिहून दिलेले, ‘फॉर्म २३’ नावाचे निवेदन. मान्यता देण्याचे काम लष्कराने १९४८ च्या मध्यात बंद केले. त्यानंतर यादीत नवे नाव शिरायला वाव नव्हता. फिलिपिन्स सरकारने दिलेले सेवेचे दाखले, सोबत लढलेल्यांची प्रतिज्ञापत्रे, गावच्या महापौराची पत्रे, हे सगळे त्या यादीपुढे गौण ठरे.

आता या यादीत नाव कसे लागायचे, ते पाहा. जपानी अंमलाखाली लढणाऱ्या टोळीने साथीदारांच्या नावांचा हजेरीपट जवळ बाळगणे म्हणजे शत्रूच्या हाती साऱ्या गावाचे मरण लिहून देणे होते. त्यामुळे यादी नसे, किंवा जमिनीत पुरलेली असे, किंवा वेळ आली की जाळलेली असे. युद्धानंतर टोळीच्या म्होरक्याने आठवून आठवून नावे लिहून दिली. कुणाचे टोपणनाव गेले, कुणाच्या नावाचे स्पेलिंग बदलले, कुणी त्या दिवशी गावात नव्हता. ज्या गुप्ततेमुळे ते जगले, तिच्यामुळेच त्यांचा पुरावा मेला. आपण सेवापुस्तकातल्या खाडाखोडीवरून माणसे वर्षानुवर्षे खेटे घालताना पाहिली असतील; इथे तर सेवापुस्तकच नव्हते.

प्रश्न : ब्रिटन आणि फ्रान्स यांनी आपल्या परदेशी सैनिकांना अधिक चांगले वागवले का? (एक पदव्युत्तर विद्यार्थिनी)

उत्तर : तिथेही भांडल्याशिवाय काही मिळालेले नाही. गुरखा सैनिकांपुरते बोलायचे तर १९४७ च्या ब्रिटन, भारत आणि नेपाळ यांच्यातील त्रिपक्षीय करारामुळे त्यांचे पगार आणि निवृत्तिवेतन भारतीय सैन्याच्या दरांशी बांधले गेले. ब्रिटिश सहकाऱ्याच्या तुलनेत ते फारच तुटपुंजे होते. त्यांना निवृत्तिवेतन पंधरा वर्षांच्या सेवेनंतर, म्हणजे ब्रिटिश सैनिकापेक्षा लवकर मिळे, हा सरकारचा बचाव असे, आणि त्यात तथ्य अजिबात नाही असे म्हणता येणार नाही. ब्रिटनमध्ये स्थायिक होण्याची मुभा २००४ साली मिळाली ती १ जुलै १९९७ नंतर निवृत्त झालेल्यांनाच, कारण त्या तारखेला गुरखा ब्रिगेडचे मुख्यालय हाँगकाँगहून ब्रिटनला हलले होते. बाकीच्यांसाठी अभिनेत्री जोआना लम्ली यांनी आघाडी लढवली; २९ एप्रिल २००९ रोजी संसदेत सरकार २६७ विरुद्ध २४६ मतांनी हरले, आणि मे महिन्यात किमान चार वर्षे सेवा केलेल्या सर्वांना दार उघडले. निवृत्तिवेतनाची लढाई मात्र गुरखे युरोपीय मानवी हक्क न्यायालयात २०१६ साली हरले.

फ्रान्सने तर गोठवण्याचा कायदाच केला. आफ्रिकेतल्या वसाहती स्वतंत्र होत असताना, १९५९ च्या अर्थविषयक कायद्याने तिथल्या माजी सैनिकांचे निवृत्तिवेतन त्या वेळच्या आकड्यावर थांबवले गेले. सोबत लढलेल्या फ्रेंच सैनिकाची रक्कम महागाईबरोबर वाढत गेली, सेनेगलच्या सैनिकाची तिथेच राहिली. २००१ साली फ्रान्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने दिओप खटल्यात हा भेदभाव अमान्य केला, आणि तरीही काही रकमा बरोबरीला यायला २००७ उजाडले. त्या सैनिकांपैकी किती जण तोवर जिवंत होते, हा प्रश्न अर्थखात्यालाही सोयीचाच असावा.

प्रश्न : पैसा नको, निदान सन्मानाने दफन तरी व्हावे, एवढीच मागणी करणारेही कुणी आहेत का?

उत्तर : आहेत. १९६० च्या दशकापासून १९७५ पर्यंत लाओसमध्ये अमेरिकेच्या गुप्तचर संघटनेसाठी लढलेले मोंग जमातीचे सैनिक. त्यांचे युद्धच गुप्त होते, तेव्हा नोंदी कुठून असणार? २००० च्या कायद्याने त्यांना नागरिकत्वासाठी इंग्रजी येण्याच्या अटीतून सूट दिली. राष्ट्रीय दफनभूमीत जागा मिळाली ती २०१८ साली, त्या २००० च्या कायद्याखाली नागरिक झालेल्यांना, आणि मृत्यू २३ मार्च २०१८ रोजी किंवा त्यानंतर झाला असेल तरच. २२ मार्चला वारलेल्या सैनिकाच्या कुटुंबाने खाजगी दफनभूमीत जागा विकत घ्यायची.