खुर्चीत कोण?

प्रश्न : आमच्या मच्छीमार सोसायटीच्या वार्षिक सभेला अध्यक्ष आलेच नाहीत. त्या जागी कोणी बसायचं यावर दोन तास वाद झाला, चहा दोनदा झाला आणि सभा तहकूब झाली. अध्यक्ष नसले तर विधानसभेत काय करतात? टीव्हीवर तर खुर्चीत रोज वेगळाच माणूस दिसतो आणि सगळे त्याला ‘अध्यक्ष महोदय’च म्हणतात!
— एक वाचक, हर्णै

उत्तर : तुमचे दोन तास वाया गेले, कारण ‘अध्यक्ष नाहीत’ याचे दोन अर्थ होतात आणि ते तुमच्या सभेत कोणी वेगळे केले नाहीत. माणूस आज आला नाही, ही एक गोष्ट. ते पदच रिकामं आहे, ही दुसरी. राज्यघटनेच्या १८०व्या अनुच्छेदात दोन्हींची सोय आहे आणि ती वेगवेगळी आहे.

अध्यक्ष नुसते गैरहजर असतील तर उपाध्यक्ष बसतात. तेही नसतील तर तालिका अध्यक्ष. अधिवेशन सुरू झालं की अध्यक्ष काही सदस्यांची तालिका नेमतात आणि सभागृहात ती नावं वाचून दाखवतात. त्या यादीतलाही कोणी हजर नसेल, तर सभागृह ठरवेल तो सदस्य.

मी पत्रकार गॅलरीत बरीच वर्षं काढली. अदलाबदल कशी होते ते वरून छान दिसतं. दुपारच्या जेवणानंतर भाषण रंगात आलेलं असतं, बाके निम्मी रिकामी. तालिकेतला सदस्य बाजूने येऊन उभा राहतो, खुर्चीतला कानात दोन शब्द सांगून उठतो, हा बसतो. बोलणाऱ्याचं वाक्यही तुटत नाही. नुकताच खाली बाकावर पेंगत असलेला तो सदस्य आता ‘अध्यक्ष महोदय’ असतो! समसमान मतं पडली तर निर्णायक मतही त्याचंच.

हे नुसतं मानापुरतं नाही. आपल्या गुहागरचे आमदार भास्कर जाधव ५ जुलै २०२१ला तालिका अध्यक्ष म्हणून बसले होते. त्या दिवशी गोंधळ झाला आणि भाजपचे १२ आमदार वर्षभरासाठी निलंबित झाले. २८ जानेवारी २०२२ला सर्वोच्च न्यायालयाने ते निलंबन रद्द केलं. अधिवेशन संपल्यावरही निलंबन चालू ठेवता येत नाही, असं सांगितलं. न्यायालयाला खटकली ती मुदत.

तेव्हा अध्यक्ष का नव्हते? कारण पदच रिकामं होतं. नाना पटोलेंनी ४ फेब्रुवारी २०२१ला राजीनामा दिला. तो द्यायचा उपाध्यक्षाकडे, म्हणून तो नरहरी झिरवाळ यांच्या हाती गेला, आणि ३ जुलै २०२२ला राहुल नार्वेकर निवडून येईपर्यंत अध्यक्षपदाचं काम झिरवाळांकडेच राहिलं. सतरा महिने! कोणाला किती घाई होती, ते तुम्हीच बघा.

उपाध्यक्षपदही रिकामं असेल तर मात्र तालिकेवर भागत नाही. मग राज्यपाल एखाद्या सदस्याला नेमतात. निवडणुकीनंतर शपथा देणारे हंगामी अध्यक्ष हेच. २०२४च्या डिसेंबरात कालिदास कोळंबकर होते.

एक गंमत राहिली. अध्यक्षांना हटवण्याचा ठराव चर्चेला आला की ते सभागृहात हजर असले तरी खुर्चीत बसू शकत नाहीत. खाली बसून बोलायचं, मत द्यायचं, पण निर्णायक मत नाही. समोर बसून स्वतःवरच्या ठरावाची चर्चा ऐकायची, म्हणजे कठीणच.

लोकसभेतही रचना जवळपास हीच. पहिले अध्यक्ष ग. वा. मावळंकर, घराणं रत्नागिरी जिल्ह्यातलं, सुरुवातीचं शिक्षण राजापुरात. २७ फेब्रुवारी १९५६ला पदावर असतानाच ते गेले. उपाध्यक्ष अनंतशयनम् अय्यंगार यांच्याकडे काम आलं आणि ८ मार्चला तेच अध्यक्ष झाले.

तुमच्या सोसायटीला मात्र हा अनुच्छेद लागू नाही. सचिवांकडून पोटनियमांची प्रत मागा आणि सभेचं कलम काढा. पुढच्या वेळी ते पान दुमडून खिशात ठेवा, म्हणजे दुसऱ्या चहाची वेळ यायची नाही.