टीम हुशार आहे, पण कोणी बोलत नाही

‘माणसं हुशार आहेत, पगार चांगले आहेत, तरी टीममध्ये धग नाही. कल्चर कसं तयार करायचं?’ मॅनेजर, उद्योजक, विभागप्रमुख, सगळे हाच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत मला विचारतात. गंमत अशी की कल्चर सुधारायला म्हणून समुपदेशकाकडे कोणीच येत नाही. येतात ते झोप लागत नाही म्हणून, घरी विनाकारण चिडचिड होते म्हणून. ऑफिसचा विषय दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत निघतो.

या बाईही झोपेसाठीच आल्या होत्या. एका सॉफ्टवेअर कंपनीत डिलिव्हरी हेड, म्हणजे ग्राहकाचं काम वेळेत पोचवायची जबाबदारी त्यांच्यावर. (ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत.) त्यांचं दुखणं त्यांनी फार नेमकं सांगितलं. दर आठवड्याच्या स्टेटस रिपोर्टमध्ये सगळ्या ओळी हिरव्या, म्हणजे काम सुरळीत, असतात, आणि डेडलाइन तोंडावर आली की एकदम लाल, म्हणजे काम अडलेलं, होतात. या क्षेत्रात याला ‘वॉटरमेलन रिपोर्ट’ म्हणतात. बाहेरून हिरवा, आतून लाल.

“सर, हे लोक माझ्याशी खोटं का बोलतात?”

“शेवटचं कोण खोटं बोललं?”

एक ज्युनिअर इंजिनिअर. डेटा एका सिस्टिममधून दुसरीकडे हलवायचा होता. बॅकअपची चाचणी फसल्याचं त्याला गुरुवारीच कळलं होतं. शेजारच्या सहकाऱ्याला त्यानं सांगितलंही. बाईंना मात्र सोमवारी कळलं, तेही ग्राहकाच्या फोनवरून.

“मला सांगितलं असतं तर मी रात्रभर बसून मदत केली असती,” त्या म्हणाल्या. ते खरंच होतं. मनानं त्या अजिबात दुष्ट नाहीत.

“त्याला विचारलंत, का नाही सांगितलं?”

“विचारलं. म्हणाला, तुम्ही बिझी होतात.”

असं उत्तर आलं की मी त्या माणसाचा नाद सोडतो आणि त्याच्या आधीच्या माणसाचा शोध घेतो. याआधी वाईट बातमी घेऊन कोण आलं होतं? आठवायला वेळ लागला, पण एक सीनिअर आठवला. भर मीटिंगमध्ये त्यानं उशीर होणार असल्याचं सांगितलं होतं. “तुम्ही काय म्हणालात?” “काही विशेष नाही. ‘हे आत्ता सांगताय?’ एवढंच.”

पुढच्या भेटीत आम्ही भूमिका बदलून पाहिल्या. मी बाई झालो, त्या ज्युनिअर. त्यांनी सुरुवात केली, “मॅम, बॅकअपमध्ये थोडा इश्यू आहे...” मी लॅपटॉपवरून नजर न काढता, त्यांच्याच सुरात म्हणालो, “हे आत्ता सांगताय?”

“सॉरी मॅम, मी बघतो,” असं म्हणून त्या थांबल्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “सर, मला ‘बघतो’ म्हणायचंच नव्हतं. चाचणी दोनदा फसलीय, कारण कळत नाहीय, मदत हवीय, हे सगळं सांगायचं होतं. पण तुमचा चेहरा बघितला आणि तोंडातून ‘बघतो’च निघालं.” आणि जरा वेळानं, “म्हणजे तो खोटं बोलला नाही. त्यानं फक्त जीव वाचवला.”

समुपदेशनात असे क्षण मागून मिळत नाहीत. मी व्याख्यान दिलं असतं तर त्यांनी टिपणं काढली असती आणि सोमवारी पुन्हा तेच वाक्य उच्चारलं असतं. भिंतीवरची मूल्यं कोणी वाचत नाही, साहेबांचा चेहरा सगळे वाचतात. एमआयटीचे मानसशास्त्रज्ञ एडगर शाइन यांनी संघटनांची संस्कृती आयुष्यभर अभ्यासली. नेता कशाकडे लक्ष देतो आणि अडचणीच्या प्रसंगी कसा वागतो, यातून संस्कृती घडते, हे त्यांचं म्हणणं मला रोज पटतं.

मग बाईंनी खरी भीती बाहेर काढली. “म्हणजे आता मी कुणाला काही बोलायचंच नाही? सगळे सैल सुटतील.”

भावनांच्या मुळाशी असलेले हट्टी विचार शोधायला शिकवणारे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस, त्यांच्या वळणाचा मी माणूस, त्यामुळे भीतीच्या पोटातला हट्ट शोधतो. “टीमकडून चूक झाली तर काय होईल?” “ग्राहक ओरडेल.” “मग?” “माझ्यावरचे लोक म्हणतील, हिला जमत नाही.” “आणि तसं म्हणाले तर?” त्यावर उत्तर आलं नाही, डोळ्यांत पाणी आलं. चूक होऊ नये ही इच्छा उत्तम. ‘चूक होताच कामा नये, झाली तर मी नालायक’ हा हट्ट. इच्छा असलेला माणूस चूक लवकर शोधतो. हट्ट असलेल्या माणसापासून लोक ती लपवतात.

कामाचा दर्जा आणि बोलण्याची मुभा यांतली एक वाढवली की दुसरी घटते, हा सार्वत्रिक गैरसमज आहे. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या एमी एडमंडसन रुग्णालयांत औषधं देताना होणाऱ्या चुका अभ्यासत होत्या. चांगल्या टीममध्ये चुका कमी सापडतील अशी त्यांची अपेक्षा होती, पण तिथे नोंदी जास्त निघाल्या. उलगडा असा, की तिथले लोक चुकांबद्दल उघड बोलत होते. १९९९च्या शोधनिबंधात त्यांनी टीममधल्या या मानसिक सुरक्षिततेचा, म्हणजे चूक सांगितली तरी आपल्याला त्रास होणार नाही या भरवशाचा, परिणाम मांडला. पुढे टीम कशामुळे यशस्वी होते हे शोधायला गूगलनं २०१२मध्ये आपल्याच १८०हून अधिक टीम तपासायला घेतल्या, तेव्हाही सगळ्यांत वजनदार घटक हाच निघाला. टोयोटाच्या कारखान्यात तर दोष दिसला की साधा कामगारही दोरी ओढून किंवा बटण दाबून लाइन थांबवू शकतो. तिथे दर्जा सैल आहे असं कोण म्हणेल?

आम्ही ठरवलेले बदल दिसायला किरकोळ होते. ‘कोणी केलं?’ हा प्रश्न पहिला विचारायचा नाही. त्याऐवजी ‘कधी लक्षात आलं, आता कुठे अडलंय?’ लाल ओळीचा विषय मीटिंगमध्ये आधी घ्यायचा आणि बाईंनी स्वतःचं मत शेवटी सांगायचं. ‘माझ्याशी मोकळेपणानं बोला’ अशी घोषणा करायची नाही. घोषणेनं लोक जास्त सावध होतात, हा माझा अनुभव आहे.

चुकांतही फरक करायला शिकायचं. नवीन काही करताना फसणं वेगळं, दोन विभागांच्या मधल्या फटीत काम पडणं वेगळं, आणि माहीत असूनही तपासणी टाळणं वेगळं. शेवटच्या प्रकारातल्या एका माणसाला वारंवार सांगूनही फरक पडला नाही, तेव्हा बाईंनी त्याला ती जबाबदारी सोडायला लावली. बंद दाराआड, कारणं स्पष्ट सांगून. त्यानंतर टीम घाबरेल असं त्यांना वाटलं होतं, पण उलट इतरांना हायसं वाटलं. चांगलं काम करणाऱ्यांना सैलपणाचा जाच सगळ्यांत जास्त होतो, हे वरिष्ठांच्या लक्षात येत नाही. बेल कर्व्हबद्दल, म्हणजे काही जणांना वरचा आणि काही जणांना खालचा क्रमांक द्यायचाच अशा मूल्यांकनाबद्दल, मात्र त्यांच्या हातात फारसं नव्हतं. शेजाऱ्याला मदत केली की आपला क्रमांक घसरतो, अशी व्यवस्था असेल तर मदतीची अपेक्षा कुठल्या तोंडानं करायची? मायक्रोसॉफ्टनं अशी सक्तीची क्रमवारी २०१३मध्ये बंद केली.

काही आठवड्यांनी त्यांचा घाबऱ्या आवाजात फोन आला. “सर, रिपोर्ट लालेलाल झालाय. आधीच बरं होतं!” मी मनापासून अभिनंदन केलं. खरं सांगायचं तर त्या दिवशी मला माझ्या कामाचा जरा अभिमानच वाटला. ते प्रश्न आधीही होतेच, आता फक्त वेळेत दिसू लागले होते.

‘हे सगळं ठीक, पण माझाच बॉस असा आहे,’ असं म्हणणारेही पुष्कळ भेटतात. बॉसला तुम्ही बदलू शकत नाही, पण त्याची भीती जशीच्या तशी खाली पोचवायची की नाही हे तुमच्या हातात आहे. आणि वर वाईट बातमी द्यायची असेल तर प्रस्तावना टाळा. अडचण काय, परिणाम कशावर, तुमच्याकडून काय हवं आणि कधीपर्यंत, एवढंच सांगा. ‘चाचणी दोनदा फसली, सोमवारचं काम दोन दिवस पुढे जाईल, आज एक अनुभवी माणूस मिळाला तर एक दिवस वाचेल.’ ‘थोडा इश्यू आहे’ असं सांगितलंत, तर ‘हे आत्ता सांगताय?’ ऐकायची तयारी ठेवा.