कोरीला रेती द्या, भाऊ

भाऊ, माशांच्या टाकीसाठी कोरीडोरास (म्हणजे कोरी, तळाशी फिरणारे छोटे मिशीवाले मासे) दोनच आणू नका. सहा तरी आणा, एकटादुकटा कोपऱ्यात दडून बसतो. आणि तळाला ती रंगीत टोकदार खडी नको. माझ्याकडे तीच होती. दोन महिन्यांत मिशांचे नुसते खुंट उरले. बारीक रेती टाकली तेव्हा कुठे तोंड खुपसून कल्ल्यांतून रेती उडवायला लागले!

‘बाकीच्या माशांचं उष्टं खाऊन जगतात’ हे दुकानदाराचं ऐकू नका. लाइट बंद केल्यावर बुडणाऱ्या गोळ्या टाका.

खरी परीक्षा नागपूरच्या मे महिन्यात. बाहेर ४५ अंश, टाकीत ३२. यांना बरं वाटतं २२ ते २६. हीटर काढा, झाकणाऐवजी जाळी ठेवून पाण्यावर छोटा पंखा सोडा. मधूनच वर येऊन हवा गिळणं ही त्यांची सवयच. सारखेच येऊ लागले, तर मात्र पाणी बदला.